बर्बन : लेबल वाचण्यापासून ओल्ड फॅशन्ड ढवळण्यापर्यंत

बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या वाटेला नव्याने जाणारा माणूस दुकानातच गोंधळतो. एकाच फळीवर पंधरा डॉलरची बाटली असते आणि शेजारी दीडशेची, रंग दोन्हींचा तांबूस. कुणा जाणकाराला विचारावं तर तो नेमकं न मिळणाऱ्या बाटलीचं नाव सांगतो. मग नवखा माणूस किमतीवरून अंदाज बांधतो आणि बऱ्याचदा नको तिथे पैसे घालतो.

बर्बनमध्ये किमतीपेक्षा लेबलावर जास्त विश्वास ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. लेबलावरचे बरेचसे शब्द अमेरिकी कायद्याने बांधलेले आहेत. ते वाचता आले की वीस-तीस डॉलरमध्ये उत्तम बाटली मिळते आणि दुर्मिळ बाटलीमागे धावायचं की नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून हा लेख कायद्यापासून सुरू होतो. कॉकटेल पुढे येतातच.

पहिली पायरी : बाटलीत काय आहे ते समजून घ्या

बर्बन ही अमेरिकेत तयार होणारी व्हिस्की. तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो. गाळताना (म्हणजे वाफ करून मद्य वेगळं काढताना) अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर नको आणि बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली नको. पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळलेलं हवं. पाण्याशिवाय दुसरं काहीही मिसळायला परवानगी नाही. रंग नाही, साखर नाही, वास नाही. बाटलीतला तो गडद तांबूस रंग सगळा लाकडाचा असतो.

बर्बन केंटकी राज्यातच व्हायला हवी असा नियम नाही, ती अमेरिकेत कुठेही करता येते. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून तिला अमेरिकेचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरवलं. तरी बहुतेक बर्बन केंटकीतच तयार होते. तिथल्या चुनखडीच्या थरांतून झिरपणाऱ्या पाण्यात लोह जवळपास नसतं, मक्याची शेती आहे, उन्हाळा कडक आणि हिवाळा गोठवणारा. उन्हाळ्यात पिंपातलं मद्य फुगून लाकडात शिरतं, थंडीत आकसून बाहेर येतं. दरवर्षी हे घडत राहतं आणि लाकडातले व्हॅनिला, कॅरमल, लवंग, खोबरं असे गंध मद्यात उतरतात. ओकमधलं लिग्निन तापलं की त्यातून व्हॅनिलिन सुटतं, लाकडातली साखर जळली की कॅरमल होतं. बर्बनचा गोडवा इथून येतो.

या उकाड्याची किंमतही मोजावी लागते. दरवर्षी पिंपातला काही टक्के भाग उडून जातो. त्याला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या गारठ्यात अठरा वर्षं मुरलेली व्हिस्की तरतरीत राहते, केंटकीत तेवढ्या वर्षांत लाकूड बऱ्याचदा सगळ्यावर कुरघोडी करतं आणि घोट तुरट लागतो. त्यामुळे स्कॉचचं वयाचं गणित इथे लावू नका. माझ्या चवीला सहा ते दहा वर्षांची बर्बन सगळ्यात रसरशीत लागते.

कोऱ्या पिंपाच्या नियमामुळे एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही. ती पिंपं जगभर जातात. स्कॉटलंडमधल्या कितीतरी सिंगल माल्ट बर्बनच्या जुन्या पिंपांतच मुरतात. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन आणि बंगळुरूची अमृत यांनाही हीच पिंपं लागतात. यातलं काही तुम्ही प्यायला असाल आणि त्यातला व्हॅनिला आवडला असेल, तर बर्बनची चव तुम्हाला अगदीच अनोळखी नाही.

आता धान्य. मका गोडवा देतो, थोडं माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली आंबवायला मदत करतं. बाटलीचा स्वभाव ठरतो तिसऱ्या धान्यावर. ते बहुतेक वेळा राय हे गव्हाच्या जातकुळीतलं धान्य असतं. रायने मिरी, लवंग, दालचिनी अशी तिखट धार येते. काही मोजक्या बाटल्यांत रायऐवजी गहू असतो आणि मग चव मऊ, गोलसर होते. मेकर्स मार्क, लार्सेनी, वेलर या गव्हाच्या. वाइल्ड टर्की, बफेलो ट्रेस, एलायजा क्रेग या रायच्या. बुलेट आणि ओल्ड ग्रँड-डॅड यांत राय जरा सढळ हाताने घातलेलं असतं. राय की गहू, एवढं कळलं तरी निम्मी निवड झाली.

दुसरी पायरी : लेबल वाचा

बाटली हातात घ्या आणि पुढची नक्षी सोडून बारीक अक्षरांकडे जा.

'स्ट्रेट' हा शब्द पहिल्यांदा शोधा. स्ट्रेट म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली. चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापणं बंधनकारक आहे. म्हणजे लेबलावर 'स्ट्रेट' आहे आणि वयाचा उल्लेख नाही, तर ती किमान चार वर्षांची आहे असं समजायला हरकत नाही. वय दिलं असेल तर ते बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं असतं.

'बॉटल्ड इन बाँड' हा माझा सगळ्यात आवडता शिक्का. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारात भेसळीचा सुळसुळाट होता. रंग यावा म्हणून तंबाखूच्या पाण्यापासून काय काय मिसळलं जाई. कर्नल ई. एच. टेलर यांच्यासारख्या उत्पादकांनी पाठपुरावा केला आणि १८९७ मध्ये कायदा झाला. त्यानुसार ही व्हिस्की एकाच डिस्टिलरीत (मद्य गाळण्याच्या कारखान्यात), एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीतल्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची असावी लागते. कुठल्या डिस्टिलरीत गाळली, हेही लेबलावर लिहावं लागतं. एवढी हमी देणारी बाटली पुष्कळदा फळीच्या तळाशी, स्वस्तात पडलेली असते. इव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलाची बाटली आणि ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड ही त्याची ठळक उदाहरणं.

'प्रूफ' म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. 'बॅरल प्रूफ' म्हणजे पाणी न घालता पिंपातून थेट बाटलीत, ती ६० टक्क्यांच्या पुढेही जाते. नवख्याने तिच्यापासून सुरुवात करू नये.

'स्मॉल बॅच'ला कायद्यात व्याख्या नाही. ती बॅच वीस पिंपांची असेल नाहीतर दोनशे. या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका. 'सिंगल बॅरल' म्हणजे एकाच पिंपातली. त्यामुळे एका बाटलीची चव दुसरीसारखी असेलच असं नाही, आणि त्यातच तिची गंमत आहे.

शेवटी मागच्या बाजूला 'डिस्टिल्ड बाय' आहे की नुसतं 'बॉटल्ड बाय', ते बघा. बरेच नवे ब्रँड स्वतः काही गाळत नाहीत, मोठ्या डिस्टिलरीतून विकत घेऊन बाटलीत भरतात. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गची मोठी डिस्टिलरी अशा कित्येक ब्रँडना माल पुरवते आणि तो माल चांगला असतो. पण लेबलावर आजोबांची पाककृती आणि डोंगरातला झरा रंगवलेला असेल आणि बारीक अक्षरांत 'इंडियानात गाळलेली' असं असेल, तर त्या गोष्टीचे पैसे मोजायचे की नाहीत ते तुम्ही ठरवा.

तिसरी पायरी : पहिल्या दोन बाटल्या

एक नको, दोन घ्या. एकट्या बाटलीची चव कळत नाही, तुलनेत कळते. मी नेहमी एक गव्हाची आणि एक रायची सुचवतो. मेकर्स मार्क आणि वाइल्ड टर्की १०१. दोन्ही सहज मिळतात, दोन्हींचा दर्जा वर्षानुवर्षं टिकून आहे. वाइल्ड टर्कीचे जिमी रसेल १९५४ पासून त्या डिस्टिलरीत होते, पुढे त्यांचा मुलगा आणि नातूही त्याच कामात आले. तिथली पिंपं आतून खूप जाळतात, इतकी की कोळशाला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात.

महाराष्ट्रात निवड मर्यादित आहे. चांगल्या वाइन शॉपमध्ये जिम बीम, मेकर्स मार्क आणि वुडफर्ड रिझर्व्ह बहुतेक दिसतात. जॅक डॅनियल्स सगळीकडे असते, पण तिच्या लेबलावर टेनेसी व्हिस्की लिहिलेलं असतं. पिंपात भरण्याआधी ती मेपलच्या कोळशातून गाळतात, म्हणून ती वेगळी ओळख सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं. तरी त्यावर राज्याचा कर बसतो, त्यामुळे अमेरिकेतली किंमत डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका.

महाराष्ट्रात हार्ड लिकर घ्यायला वयाची पंचविशी पूर्ण हवी आणि मद्य बाळगायला-प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. आजन्म परवाना एकदा काढून ठेवलेला बरा. गोव्यात बाटली स्वस्त पडते म्हणून गाडीत घालून आणू नका, परवान्याशिवाय ती सीमेवर आणणं गुन्हा आहे आणि सिंधुदुर्गाच्या नाक्यांवर तपासणी होते.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला बाटली आणायला सांगणार असाल तर हिशेब असा: भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. अमेरिकेतली बाटली ७५० मिलीची असते, म्हणजे दोन बसतात आणि तिसरी हद्द ओलांडते. ७० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची बाटली विमानात नेताच येत नाही. काही बॅरल प्रूफ बर्बन त्या आकड्याच्या पुढे जातात, म्हणून आधी लेबल वाचायला सांगा.

चौथी पायरी : बाटल्यांचा शोध

हा भाग अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. तिथे दारूविक्रीचे नियम राज्यागणिक बदलतात आणि शोध कसा घ्यायचा ते त्यावर ठरतं.

ओहायो, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना अशा सतरा राज्यांत या व्यवहाराचा ताबा सरकारकडे आहे. तिथे किंमत ठरलेली असते, दुकानदार ती वाढवू शकत नाही. दुर्मिळ बाटल्यांसाठी सोडती निघतात. तुम्ही अशा राज्यात असाल तर दर वेळी नाव नोंदवा. नाही लागली तर नुकसान काही नाही, लागली तर छापील किमतीत मिळते. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सस इथे खासगी दुकानं आहेत. तिथे तीच बाटली एका ठिकाणी तीस डॉलरला आणि चार रस्ते सोडून नव्वदला दिसू शकते. टेक्ससमध्ये रविवारी ही दुकानं बंद असतात, शनिवारीच जाऊन या.

खासगी दुकानात ओळख उपयोगी पडते, पण ती खरी असावी. एकच दुकान धरा, रोजची खरेदी तिथेच करा, मालकाला काय आवडलं आणि का आवडलं ते सांगा. फक्त ब्लँटन्ससारखी दुर्मिळ बर्बन आहे का म्हणून फोन करणाऱ्यांना ते कंटाळलेले असतात. जो माणूस साध्या बाटलीबद्दल मन लावून बोलतो, त्याच्यासाठी काउंटरखालून काहीतरी निघतं. दुकानाने स्वतः निवडलेलं पिंप आहे का, हेही विचारा. बरीच दुकानं डिस्टिलरीत जाऊन एक सिंगल बॅरल निवडतात आणि त्याच्या बाटल्या आपल्या नावाच्या चिठ्ठीसह विकतात. नेहमीच्या किमतीहून थोडे जास्त पैसे देऊन इतरत्र न मिळणारी चव हाती येते. दुर्मिळ नावांपेक्षा मला ही शिकार कितीतरी समाधानाची वाटते.

त्या नावांबद्दल थोडं. ब्लँटन्स १९८४ मध्ये आली आणि सिंगल बॅरलची कल्पना तिने लोकांपर्यंत पोचवली. तिच्या बुचावर घोडेस्वाराची छोटी मूर्ती असते. आठ वेगवेगळ्या मूर्तींवर एकेक अक्षर असतं आणि ती ओळीने लावली की नाव पूर्ण होतं. लोक व्हिस्कीइतकेच त्या बुचांमागे असतात. पॅपी व्हॅन विंकलचं वेड तर त्याहून मोठं, पुनर्विक्रीत ती हजारो डॉलरला जाते. आता हे लक्षात घ्या: पॅपी आणि वेलर दोन्ही केंटकीतल्या फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीत, गव्हाच्या एकाच पाककृतीने होतात. फरक वयाचा आणि पिंपांच्या निवडीचा. साधी वेलर छापील किमतीत मिळाली तर अवश्य घ्या. तीही नसेल तर लार्सेनी आहे.

अनोळखी माणसाकडून समाजमाध्यमांवर दुर्मिळ बाटली घेऊ नका. परवान्याशिवाय अशी विक्री बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि नामांकित बाटल्या रिकाम्या विकत घेऊन त्यात भलतंच भरून विकणारे लोक आहेत. शिवाय अमेरिकेच्या सरकारी टपालाने मद्य पाठवायला बंदी आहे.

केंटकीला जाणं जमलं तर जरूर जा. लुईव्हिल, बार्ड्सटाउन, लॉरेन्सबर्ग आणि फ्रँकफर्ट एका लांबलेल्या सप्ताहअखेरीत होतात. (लॉरेन्सबर्ग केंटकीतही आहे, नकाशावर गाव टाकताना राज्य तपासा.) सहलींचं आरक्षण कित्येक आठवडे आधी संपतं. दिवसाला दोन डिस्टिलरी पुरेत, तिसरीत जीभ काही सांगत नाही. गाडी चालवणाऱ्याने चाखू नये, किंवा सरळ चालकासह गाडी ठरवावी. गोदामात शिरलात की क्षणभर थांबा. लाकडी मजल्यांवर हजारो पिंपं, अंधूक उजेड, आणि ओलसर ओक, व्हॅनिला, पिकलेल्या फळांचा घट्ट वास. वरच्या मजल्यावर उकडतं आणि तळाला गारवा असतो. वरची पिंपं झपाट्याने मुरतात, खालची सावकाश. चव मजल्यागणिक का बदलते, ते तिथे उभं राहिल्यावर पटतं.

पाचवी पायरी : चाखायचं कसं

ट्यूलिपसारखा, तोंडाशी निमुळता ग्लास चांगला. नसेल तर वाइनचा छोटा ग्लास घ्या. बुटक्या रुंद ग्लासात वास पसरून जातो.

दोन ग्लासांत दोन्ही बाटल्यांतली तीस-तीस मिली ओता आणि पाच मिनिटं तशीच ठेवा. मग ग्लास हनुवटीपाशी आणून हळूहळू वर न्या, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. नाक थेट ग्लासात खुपसलं तर अल्कोहोलच्या झणक्यापुढे काही कळत नाही. पहिला घोट अगदी लहान, तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात फिरवा, चावल्यासारखं करा, मग गिळा. छातीत उतरणाऱ्या उबेला केंटकीत 'हग' म्हणतात.

मेकर्स मार्कमध्ये काय जाणवतं बघा: कॅरमल, व्हॅनिला, गव्हाच्या ताज्या पावाचा वास, आणि तिखटपणा जवळपास नाही. वाइल्ड टर्कीत लवंग, मिरी, संत्र्याची साल, जळलेली साखर. जिम बीम घेतली असेल तर खारवलेल्या शेंगदाण्याचा वास ओळखू येईल, तो तिचा खास गुण मानतात. इंग्रजी चाखणटिपणांत चेरी कोब्लर, टॉफी, बटरस्कॉच अशी नावं येतात. ती पाठ करू नका. आपल्या नाकाला चिक्की, काकवी, खारीक, जायफळ, भाजलेलं कणीस माहीत आहे. हीच नावं वहीत लिहा. पुढच्या वेळी ती तुम्हाला लगेच आठवतील.

दोन्हींची ताकद वेगळी असल्याने तुलना थोडी अन्यायाची होते. वाइल्ड टर्की ५०.५ टक्के, मेकर्स मार्क ४५. टर्कीच्या तीस मिलीत साधारण चार मिली, म्हणजे छोटा चमचाभर पाणी घाला. दोन्ही एका पातळीवर येतात. आता पुन्हा वास घ्या. लवंगेचा जोर ओसरून मागचा गोडवा पुढे आलेला असेल. पाणी घालणं कमीपणाचं नाही. थोड्या पाण्याने कित्येक बाटल्या खुलतात, आणि ५० टक्क्यांच्या पुढच्या बाटल्यांना तर ते हवंच.

बरोबर चकणा हवाच असेल तर फुटाणे, भाजलेले खारे शेंगदाणे किंवा गडद चॉकलेट. मसाला शेंगदाणा आणि तिखट शेव कॉकटेलच्या वेळी घ्या, चाखताना त्या जीभ बधिर करतात. पोटात जेवण असावं, शेजारी साधं पाणी असावं, आणि चाखण्याच्या दिवशी दोन लहान पेगांवर थांबावं.

सहावी पायरी : कॉकटेल

एकच नियम पक्का करा. लिंबाचा रस किंवा अंडं असेल तर शेकरमध्ये हलवायचं, सगळं मद्यच असेल तर बर्फावर ढवळायचं. आणि बर्फ मोठा हवा. छोटे तुकडे भराभर वितळून पेय पाणचट करतात. खास साचा नसेल तर स्टीलच्या लहान वाटीत पाणी गोठवा, एका ग्लासला तो खडा पुरतो. फ्रीजरमध्ये मासळी असेल तर वाटी झाकून ठेवा, बर्फ वास पटकन धरतो.

ओल्ड फॅशन्ड आधी शिका. मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडवट मसालेदार अर्क) ही कॉकटेलची मूळ व्याख्या १८०६ मध्येच न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात छापून आली होती. ओल्ड फॅशन्ड म्हणजे तेच. ग्लासात छोटा चमचाभर साखरेचा पाक घ्या (साखर आणि पाणी समभाग, विरघळवून गार केलेला). त्यात अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-तीन शिडकावे. मग ६० मिली बर्बन, शक्यतो ५० टक्क्यांची, कारण बर्फाचं पाणी मिसळल्यावरही तिची चव टिकते. मोठा खडा टाका आणि पंचवीस-तीस सेकंद सावकाश ढवळा. ग्लास बाहेरून गार लागला पाहिजे.

आता संत्र्याची साल. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असते, तिची नीट पट्टी निघत नाही. जाड सालीचं माल्टा किंवा बाहेरून आलेलं संत्रं घ्या. सोलाण्याने अंगठ्याएवढी पट्टी काढा, पांढरा भाग शक्य तितका कमी ठेवा. रंगीत बाजू ग्लासकडे करून पट्टी दुमडा आणि दाबा. सालीतल्या तेलाचा बारीक फवारा पेयावर पडतो, उजेडात धरलं तर दिसतोसुद्धा. पट्टी ग्लासच्या काठावरून फिरवून आत सोडा. हा फवारा नसेल तर ओल्ड फॅशन्ड अर्धवट राहते. साखरेऐवजी गुळाचा पाकही छान लागतो, पण तो निम्माच घाला, नाहीतर बर्बन मागे पडते.

व्हिस्की सावर उन्हाळ्यात उत्तम. बर्बन ६० मिली, लिंबाचा रस २२, पाक २२. हे प्रमाण पिवळ्या परदेशी लिंबासाठी आहे. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट आणि धारदार, त्यामुळे रस १५ मिलीपासून सुरू करा आणि चव बघून वाढवा. रस आयत्या वेळी काढा. बर्फावर बारा-पंधरा सेकंद जोरात हलवून गाळा. फेस हवा असेल तर अंड्याचा पांढरा भाग घालून आधी बर्फाशिवाय हलवा, मग बर्फ घालून. पाकाऐवजी मधाचा पाक वापरला की तिचं गोल्ड रश होतं. मध थेट टाकला तर थंडीत गोठून तळाशी बसतो, म्हणून तीन भाग मधात एक भाग कोमट पाणी मिसळून घ्या.

मॅनहॅटनसाठी बर्बन ६० मिली, गोड व्हर्मुथ ३०, बिटर्सचे दोन शिडकावे. बर्फावर ढवळून गाळा, वर चेरी. मुळात हे राय व्हिस्कीचं पेय, म्हणून राय जास्त असलेली बर्बन निवडा. गव्हाची घेतली तर गोडावर गोड होतं. व्हर्मुथ ही वाइन आहे, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. घरची मॅनहॅटन बेचव लागते तेव्हा दोष बहुतेक वेळा कपाटात वर्षभर पडून राहिलेल्या व्हर्मुथचा असतो. त्याच बाटलीतून बुलव्हार्डिए करा: बर्बन ४५, कंपारी (लाल रंगाचं कडवट इटालियन मद्य) ३०, गोड व्हर्मुथ ३०. कडवट आवडणाऱ्यांना ही मॅनहॅटनहून जवळची वाटते.

मिंट जुलेप म्हणजे केंटकी डर्बी. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुईव्हिलच्या चर्चिल डाउन्सवर घोड्यांची शर्यत असते आणि त्या दिवशी हेच पेय. आपला बाजारातला पुदिना त्याला चांगला चालतो. आठ-दहा पानं १५ मिली पाकात हलक्या हाताने दाबा. चटणीसारखी वाटू नका, कडू होतात. ६० मिली बर्बन घाला. बर्फ जाड कापडात गुंडाळून लाटण्याने फोडा आणि चुरा ग्लासात शिगोशीग भरा. स्टीलचा पेला असेल तर तोच वापरा, बाहेरून पांढरं दव धरतो. वर पुदिन्याची जुडी खोचा, आधी तळहातावर आपटून, म्हणजे प्रत्येक घोटाला नाकाला वास येतो.

यातल्या कशासाठीही दुर्मिळ किंवा महाग बर्बन वापरू नका. लिंबू आणि बिटर्ससमोर पन्नास डॉलरच्या वरचं काही टिकत नाही. इव्हन विल्यम्स, ओल्ड ग्रँड-डॅड, वाइल्ड टर्की यांच्यावर सगळी कॉकटेल होतात. भारतात जिम बीमवर भागतं, फक्त तिच्यात पाक जरा कमी घाला.

सातवी पायरी : बाटली सांभाळणं

बाटली उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं आणि ते उघडताना तुटतं. ऊन लागू देऊ नका. फ्रीजची गरज नाही, पण मुंबई-कोकणच्या मे महिन्यात खिडकीजवळच्या फळीपेक्षा कपाटाचा खालचा कप्पा बरा. बंद बाटलीत चव बदलत नाही, ती वर्षानुवर्षं आहे तशी राहते. उघडल्यावर हवेशी खेळ सुरू होतो. पहिले काही आठवडे चव बऱ्याचदा सुधारते, आणि पाव बाटली उरली की हळूहळू फिकी पडते. इतकी खाली आली की सहा महिन्यांत संपवा किंवा उरलेली लहान काचेच्या बाटलीत काढा.

बरेच शौकीन आणखी एक गोष्ट करतात. प्रत्येक बाटलीतली शेवटची तीस-चाळीस मिली एका वेगळ्या बाटलीत ओतत जातात आणि आपलं घरचं मिश्रण तयार करतात. करायचं असेल तर त्यात फक्त बर्बनच घाला. धुरकट स्कॉचचा एक पेग सगळ्यावर मात करतो. बाटलीला चिठ्ठी चिकटवा आणि काय, किती आणि कधी घातलं ते लिहीत जा, म्हणजे कधी चव अचानक जमली तर पुन्हा तशीच करता येईल.